साथीच्या काळात वर्गावर जाणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठी: खिडकीपासून आवक क्रमांकापर्यंत

१५ फेब्रुवारी २०२१ ला महाराष्ट्रातली वरिष्ठ महाविद्यालये ५० टक्के उपस्थितीने उघडली. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तेव्हा आरोग्य समिती नेमली गेली आणि रसायनशास्त्राची म्हणून तिच्यात माझे नाव आले. पुढे दुसरी लाट आली, कॉलेज बंद झाले. २० ऑक्टोबरला उघडले, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाले आणि १ फेब्रुवारीला पुन्हा सुरू झाले. दर वेळी नवे परिपत्रक यायचे आणि स्टाफरूममध्ये प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावायचा.

आमच्याकडे नंतर जे नवे सहकारी रुजू झाले, त्यातले बरेचसे करोनाच्या वेळी स्वतःच विद्यार्थी होते. मोबाइलवर तास ऐकत होते. साथीत कॉलेज आतून कसे चालते, कोणते काम अंगावर येते, कुठे जपायचे, हे त्यांनी पाहिलेले नाही. त्यातल्या एकीने मला सरळ विचारले, "मॅडम, पुन्हा असे काही आले तर पहिल्या दिवशी मी नेमके काय करायचे?" तिला सांगितले तेच इथे लिहिते आहे. श्वासातून पसरणाऱ्या साथीसाठी आहे हे. पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचे उपाय वेगळे.

आम्हाला जे उशिरा कळले ते आधी सांगते. सुरुवातीचे काही महिने आम्ही बाके पुसत होतो. हवेकडे कोणाचे लक्षच नव्हते. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ ला सूचना काढली, तीत स्पष्ट म्हटले होते की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक तुषार हवेत १० मीटरपर्यंत जाऊ शकतात. दहा मीटर म्हणजे आमचा अख्खा वर्ग, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत. ते वाचल्यावर कामाचा क्रमच बदलला.

१. आधी वर्गाची हवा तपासा

आपल्याला मिळालेल्या वर्गात तास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एकटे जा. सोबत एक उदबत्ती आणि काडेपेटी न्या. दारे-खिडक्या तास चालू असताना जशा असतात तशा ठेवा, पंखे बंद करा आणि वर्गाच्या मधोमध उदबत्ती लावून दोन मिनिटे धूर बघा. धूर एका बाजूला ओढला जाऊन खिडकीतून बाहेर पडला तर हवा खेळती आहे. सरळ वर जाऊन छतापाशी रेंगाळला, तर त्या खोलीतला प्रत्येकाचा श्वासही तसाच रेंगाळणार.

आमच्या सात नंबरच्या वर्गात धूर हललाच नाही. सहा खिडक्या, पण चार रंगाने चिकटलेल्या. कधीतरी रंगकाम झाले तेव्हा पल्ले न उघडताच त्यांच्यावरून ब्रश फिरवलेला. शिपाई मामांनी पटाशी आणली, फटीतला रंग खरवडला, बिजागऱ्यांना तेल सोडले आणि तासाभरात चारही खिडक्या उघडल्या. पुन्हा उदबत्ती लावली. या वेळी धूर आडवा झाला आणि मैदानाच्या बाजूने निघून गेला. त्या कॉलेजात साथीवर झालेला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत उपयोगी खर्च तोच, असे माझे ठाम मत आहे.

आता थोडा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा हवी असे म्हटले आहे. ३० फूट लांब, २४ फूट रुंद, ११ फूट उंच वर्ग धरा. त्यात साधारण २२४ घनमीटर हवा मावते. ६० विद्यार्थी आणि तुम्ही मिळून ६१ जण असाल तर तासाला जवळजवळ २,२०० घनमीटर हवा लागते, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात दहा वेळा बदलायला हवी. हेच ३० विद्यार्थी असतील तर पाच वेळा पुरते. निम्म्या उपस्थितीचा नियम का करतात ते यातून समजते. निम्मी मुले बोलावली आणि सगळ्यांना एकाच वेळी, त्याच बंद खोलीत, खिडक्यांपासून लांब बसवले, तर त्या नियमाचा बराचसा उपयोग वाया जातो.

काही गोष्टी ध्यानात ठेवा.

छताचा पंखा ताजी हवा आणत नाही, आहे तीच घुसळतो. तो खिडक्या उघड्या असतानाच कामाचा. खिडक्या एकाच भिंतीला असतील तर टेबलफॅन खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरचे दार उघडे ठेवा. हवा ओढली जाते. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे वर्ग रिकामा ठेवा. हवा तासात पाच वेळा बदलत असेल तर एवढ्या वेळात आधीच्या बॅचच्या श्वासातले निम्म्याहून थोडे जास्त निघून जाते. सगळे नाही, पण निम्मे हेही मोठे आहे.

एसीची संगणक प्रयोगशाळा किंवा सेमिनार हॉल शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर सरकारी सूचनांप्रमाणे तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के ठेवायची, आणि तरीही एक-दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या. वीजबिलाची तक्रार येईल. येऊ दे.

हवा शुद्ध करणारे यंत्र घेऊ असे कोणी सुचवले तर त्याच्या खोक्यावरचा आकडा वाचा. घरगुती यंत्र तासाला ३०० घनमीटर हवा गाळत असेल तर वरच्या ३० विद्यार्थ्यांच्या वर्गालाही तशी चार लागतील. एक यंत्र कोपऱ्यात ठेवून खिडक्या लावून घेणे हा सर्वांत वाईट सौदा.

कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र विभागाला घेता आले तर जरूर घ्या. मोकळ्या हवेत ते साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) दाखवते. वर्गात ८०० ते १००० च्या आत राहिले तर ठीक, वर गेले की खिडकी उघडायची किंवा मुलांना बाहेर काढायचे. घेताना आत एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने मोजणारा) संवेदक आहे ना ते विचारा. काही स्वस्त यंत्रे कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज दाखवतात.

खिडक्या न उघडण्याची कारणे सगळीकडे तीच सांगितली जातात: कबुतरे येतात, पाऊस आत येतो, रस्त्याचा आवाज येतो. कबुतरांना नायलॉनची जाळी. पावसाला वरचे झरोके, कारण ते छज्जाखाली असतात आणि गरम हवा तिथूनच बाहेर जाते. आवाजाचा उपाय पुढच्याच पायरीत आहे.

२. मास्क आणि तुमचा आवाज

शिक्षकाची गोष्ट कार्यालयातल्या माणसापेक्षा वेगळी आहे. आपण ४८ मिनिटे मोठ्याने बोलतो. जितक्या मोठ्याने बोलावे तितके जास्त तुषार तोंडातून बाहेर पडतात. म्हणजे वर्गात आपण आजारी असलो तर पसरवण्याची शक्यता सर्वांत जास्त आपलीच. आणि मागच्या बाकावरून "सर, ऐकू येत नाही" आले की हात आपोआप मास्ककडे जातो. मास्क हनुवटीवर येतो आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिले आहे की त्यावर एकच उपाय मला पटतो: कानाला किंवा कॉलरला लावायचा माईक आणि कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर. क्लास घेणारे बरेच जण तो वापरतात. आवाज चढवावा लागत नाही, मास्क काढावा लागत नाही, खिडक्या उघड्या ठेवून रस्त्याच्या आवाजावरही मात करता येते. मात्र तो स्वतःचा ठेवा. विभागात एकच माईक सहा जणांत फिरवू नका.

मास्कचे सांगते. वर्गात आणि प्रयोगशाळेत एन-९५ च वापरा. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे ९५ टक्के कण तो अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. भारतीय मानक आयएस ९४७३ छापलेला बघून घ्या. कानाच्या लूपपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे चांगले बसतात. आम्हा बायकांना अंबाड्यामुळे वरचा पट्टा सरकण्याचा त्रास होतो. वेणी घातली की तो प्रश्न सुटतो. चष्मा धुरकट होत असेल तर नाकापाशी फट आहे, पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. दाढी असेल तर मास्क चिकटत नाही, तेवढा काळ ती काढलेली बरी.

झडप असलेला मास्क घेऊ नका. तुम्ही आत घेता ती हवा तो गाळतो, तुम्ही सोडता ती तशीच समोरच्या मुलांवर जाते. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने याविरुद्ध पत्रच काढले होते.

एन-९५ धुऊ नका आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नका. त्याच्या तंतूंवर विद्युतभार असतो, त्यावरच गाळण अवलंबून असते, आणि धुण्याने किंवा अल्कोहोलने तो जातो. पाच मास्क घ्या, पाच कागदी पाकिटांवर सोमवार ते शुक्रवार लिहा, रोज त्या वाराचा वापरा आणि संध्याकाळी पाकिटात परत ठेवा. पट्टा सैल झाला किंवा मास्क ओलसर, मळका झाला की टाकून द्या. पदर, रुमाल, ओढणी म्हणजे मास्क नव्हे. नुसती प्लॅस्टिकची फेसशील्डही नव्हे, बाजूंनी हवा मोकळी येते-जाते.

३. स्टाफरूम

वर्गात सगळे जपतात. स्टाफरूममध्ये आलो की घरी आल्यासारखे वाटते, मास्क टेबलावर जातो, डबे उघडतात, एकमेकांच्या भाजीची चव घेतली जाते. आमच्याकडे दुसऱ्या लाटेत एका टेबलावरचे पाच जण एका आठवड्यात आजारी पडले. त्यांच्या वर्गांतली मुले ठीक होती. ते रोज एकत्र जेवत होते, त्या बाजूची खिडकी फाइलींच्या कपाटाने झाकलेली होती.

म्हणून नवीन असताना हे थोडे कठीण वाटले तरी करा: डबा बाहेर खा. व्हरांड्यात, झाडाखाली, पायऱ्यांवर, कुठेही. वरिष्ठ "अहो या, बसा ना इथे" म्हणतील. "सर, घरी आई आहेत, त्यांना मधुमेह आहे, म्हणून बाहेर बसते" असे एकदा सांगितले की पुन्हा कोणी आग्रह करत नाही. नंतर त्यातलेच दोघे माझ्याबरोबर कडुनिंबाखाली येऊन बसू लागले.

४. प्रात्यक्षिके

हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर.

पहिली आणि जिवाची गोष्ट: अल्कोहोलचे सॅनिटायझर आणि बर्नर एका टेबलावर येता कामा नयेत. सॅनिटायझरमध्ये ६० ते ७० टक्के किंवा जास्त अल्कोहोल असते, ते पेट घेते आणि त्याची ज्वाळा दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. आमच्या प्रयोगशाळेत कोणीतरी चांगल्या हेतूने प्रत्येक टेबलावर बाटली ठेवली होती. एक मुलगी हात चोळत चोळत पेटलेल्या बर्नरकडे वळली. मी तिचा दंड धरून मागे ओढली. त्या दिवशी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि बेसिनपाशी साबणाच्या वड्या ठेवल्या. प्रयोगशाळेत साबण आणि वाहते पाणी, वीस सेकंद. सॅनिटायझर दाराबाहेर, आणि लावले तर हात पूर्ण कोरडे झाल्यावरच आत.

दुसरी: फरशी पुसायला सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्का द्रावण वापरायला सांगितले जाते. ते कशातही मिसळायचे नाही. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते पडले तर क्लोरीन वायू सुटतो. सफाई करणाऱ्या मावशींना हे कोणी सांगत नाही, दोन्ही मिसळले तर जास्त स्वच्छ होईल असे त्यांना वाटते, आणि वास सोसत त्या काम करत राहतात. तुम्ही सांगा. दोन बाटल्यांवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा आणि त्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवा. पुसताना हातमोजे आणि उघडी खिडकी.

तिसरी: तोंडाने पिपेट ओढणे कायमचे बंद. रबरी फुगा किंवा पिपेट पंप वापरा. साथ नसतानाही ते बंदच असायला हवे.

सूक्ष्मदर्शकाची नेत्रभिंगे प्रत्येक विद्यार्थ्यानंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या भिंगकागदाने पुसा. थेट फवारायचे नाही, भिंगे चिकटवलेला गोंद सुटतो. ॲप्रन घरी नेऊन धुवायचा, एकमेकांचा वापरायचा नाही. बॅच लहान ठेवा आणि धूरकपाटाचा पंखा पूर्ण वेळ चालू ठेवा. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, त्याचा इथे दुहेरी उपयोग होतो.

५. परीक्षा आणि कॅप

पर्यवेक्षणात तीन तास एकाच खोलीत काढायचे असतात. आदल्या दिवशी आपला ब्लॉक पाहून या, खिडक्या उघडतात का बघा, वरिष्ठ पर्यवेक्षकांना तेव्हाच सांगा. परीक्षेच्या सकाळी कोणाला वेळ नसतो.

हॉलतिकिटावरचा फोटो ताडून पाहायला मास्क खाली करावा लागतो. ते दाराबाहेर, व्हरांड्यात करा, आत बाकावर नको. सही घ्यायला प्रत्येकाचे स्वतःचे पेन. आणि उत्तरपत्रिका मोजताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर आजच सोडा. ओल्या स्पंजची डबी पोस्टात असते तशी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. कागदावरून आजार पसरण्याचा धोका हवेच्या मानाने फारच कमी, पण जिभेला बोट लावून मोजणे म्हणजे तो आपणच ओढवून घेणे.

कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र बसून तपासण्याच्या केंद्रावर, एका हॉलमध्ये चाळीस परीक्षक बसतात. दाराजवळची किंवा खिडकीजवळची खुर्ची धरा आणि चहा बाहेर जाऊन घ्या. बस्स.

६. दिखाऊ उपायांवर विसंबू नका

गेटवरच्या थर्मामीटर गनने कपाळ तपासले म्हणजे आत सगळे निरोगी, असे नाही. करोनात लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस पसरवत होता, काहींना ताप कधी आलाच नाही. माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे तर आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच नको म्हणून सांगितले होते, तरी कित्येक संस्थांनी त्यावर पैसे घातले. अंगठ्याची हजेरी बंद करून मस्टरवर सही सुरू करा असा अर्ज मात्र जरूर द्या. अंगठा उमटवायला सगळे एकाच अरुंद जागेत, एकाच वेळी जमतात, त्रास त्या गर्दीचा असतो.

७. स्वतःला बरे वाटत नसेल तर

घसा खवखवतो आहे, तास मात्र महत्त्वाचा आहे. अशा सकाळी काय करायचे ते आधीच ठरवून ठेवा. उत्तर एकच: घरी थांबा, विभागप्रमुखांना संदेश पाठवा आणि तपासणी करा. झटपट अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली पण लक्षणे आहेत, तर आरटीपीसीआर करायची. आयसीएमआरचा नियमच तसा होता. निगेटिव्हचा कागद घेऊन धावत तासाला जाणारे मी पाहिले आहेत.

घरी ऑक्सिमीटर ठेवा. नखांना रंग किंवा बोटांना मेंदी असेल, हात गार असतील तर आकडा चुकतो. बसल्या जागी नोंद घ्या, मग घरातल्या घरात सहा मिनिटे चाला आणि पुन्हा घ्या. आकडा ९३ च्या खाली आला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त घसरला, किंवा धाप लागली, तर लगेच रुग्णालय गाठायचे. आरोग्य विभागाने ही चालण्याची चाचणी तेव्हा घरोघरी शिकवली होती. दमा असेल तर ही चाचणी करायची नाही. वय साठच्या पुढे असेल तर तीन मिनिटे पुरेत.

किती दिवस घरी राहायचे, हे त्या त्या वेळचे परिपत्रक वाचून ठरवा. २०२० मध्ये गृहविलगीकरणाचे दिवस १७ होते, जानेवारी २०२२ मध्ये ते ७ झाले. जुना नियम सांगून कोणी लवकर बोलावत असेल किंवा उशिरा घेत असेल तर तारखेसकट ताजे परिपत्रक दाखवा.

तुम्ही गरोदर असाल, वय जास्त असेल, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल, तर लोकांच्या थेट संपर्काचे काम शक्यतो देऊ नये असे केंद्राच्या सप्टेंबर २०२० च्या कार्यपद्धतीत लिहिले होते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवर बसवल्यावर मागून काढायला गेलात तर "काम टाळते" असे ऐकावे लागते.

८. सगळे लेखी

आता सर्वांत महत्त्वाचे. आमचा प्राणिशास्त्राचा एक सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचा, सहकारी होता, वय तिशीचे. मार्च २०२१ मध्ये त्याला फोनवरून प्रात्यक्षिकांच्या बॅचेस घ्यायला बोलावले. त्याच्या वयाच्या माणसाला तेव्हा लस मिळतच नव्हती. १८ वर्षांपुढच्यांना ती १ मेपासून खुली झाली. सहाव्या दिवशी तो तापला. अकरा दिवस रुग्णालयात, त्यातले चार ऑक्सिजनवर. तो वाचला. परत आल्यावर त्याने त्या तासांचे मानधन आणि उपचारांसाठी काही मदत मागितली, तेव्हा कार्यालयाने विचारले, "तुम्हाला बोलावल्याचा आदेश कुठे आहे?" आदेश नव्हताच. मस्टरवर सीएचबीची सही घेतली जात नव्हती. फोनमध्ये कॉलची नोंदही उरली नव्हती. तो दोन महिने कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून होता, हातात डिस्चार्ज कार्ड. त्याला शेवटी बॅचेसचे मानधन मिळाले, कारण मुलांच्या जर्नलमध्ये त्याच्या सह्या आणि तारखा होत्या. बाकी काही नाही.

कायम प्राध्यापकाला निदान किरकोळ, अर्जित आणि वैद्यकीय रजा असते. तासिका तत्त्वावर असलेल्याला तास नाही तर पैसा नाही. म्हणून तुम्ही सीएचबी असाल तर ही पायरी दोनदा वाचा.

साथीत शिक्षकांना कॉलेजबाहेरचीही कामे लागतात: सर्वेक्षण, नाका, नियंत्रण कक्ष. त्यांचा आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ किंवा साथरोग कायदा, १८९७ खाली निघतो आणि तो नाकारता येत नाही. पण आदेशाची प्रत मागता येते. राज्याने मे २०२० मध्ये करोना कर्तव्यावरच्या कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे संरक्षण जाहीर केले, तिथेही आधी सिद्ध करावे लागत होते ते हेच, की माणूस त्या दिवसांत त्या कामावर होता. पुढे प्रत्येक करोना मृत्यूमागे कुटुंबाला ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तिथे चाचणीचा अहवाल आणि मृत्यूचे प्रमाणपत्र लागायचे. ज्यांनी अहवाल फेकून दिला होता त्यांच्या घरच्यांची वणवण मी जवळून पाहिली आहे.

एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये एवढे ठेवा, आणि ती कुठे आहे ते घरी सांगून ठेवा:

- नेमणुकीचे पत्र, ओळखपत्र, आधारची प्रत
- प्रत्येक कामाचा लेखी आदेश. तोंडी असेल तर तुम्ही त्याच दिवशी पाठवलेला ईमेल
- मस्टरच्या त्या पानाचा फोटो. सीएचबी असाल तर तासांच्या नोंदवहीचा, विभागप्रमुखांच्या सहीसह
- लसीचे प्रमाणपत्र, चाचण्यांचे सगळे अहवाल, निगेटिव्हसुद्धा
- आजाराचे किंवा गरोदरपणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र
- आरोग्य विमा असल्यास त्याचे कार्ड, रुग्णालयाची बिले, डिस्चार्ज कार्ड
- तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच

तोंडी आदेश आला तर भांडू नका. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करा: "आज दुपारी आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार मी उद्या सकाळी ९ वाजता प्रात्यक्षिकांच्या बॅचसाठी उपस्थित राहत आहे. कृपया लेखी आदेश मिळावा." लेखी आदेश आला तर उत्तम, नाही आला तरी तुमचा ईमेल तारखेसह राहतो.

वर्गाच्या खिडक्यांसाठी अर्ज असा लिहा. मी लिहिलेलाच देते, फक्त खोली क्रमांक बदला:

"मा. प्राचार्य यांस,
विषय: वर्ग क्र. ७ मधील खिडक्या उघडण्याबाबत.
महोदय, वर्ग क्र. ७ मधील सहापैकी चार खिडक्या रंगामुळे बंद आहेत. या वर्गात रोज चार तास होतात. सध्याच्या साथीत बंद वर्गातील हवा विद्यार्थी व शिक्षक दोघांनाही धोक्याची आहे. कृपया खिडक्या दोन दिवसांत उघडून मिळाव्यात व तोपर्यंत तास व्हरांड्यात किंवा सभामंडपात घेण्यास परवानगी असावी."

तक्रारीचा सूर नको, दोष कोणाला नको. आकडे, तारीख आणि मागणी एवढेच. पर्याय स्वतःच सुचवला की सहीला वेळ लागत नाही. उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या, आणि एक प्रत आरोग्य समितीच्या अध्यक्षांना.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. लिपिक म्हणतील, "ठेवून जा, उद्या देतो." तिथेच उभ्या राहा. शिक्का उमटला की त्या प्रतीचा फोटो काढा आणि घरच्या एका माणसाला लगेच पाठवा.